सोळा जीबीतला मोखाडा

मोठा सीन रेंडरला लावला आणि पहाटे कधीतरी मशीन बसलं, की सल्ला देणारे सगळे एकाच सुरात बोलतात: रॅम वाढव. सोळाची बत्तीस कर, बत्तीसची चौसष्ट. ते परवडत नसेल तर सल्ल्याचा दुसरा भाग तयारच असतो: मग एवढा मोठा सीन करूच नकोस, साधं काहीतरी कर. पहिला भाग तंत्राबद्दलचं अज्ञान आहे, त्याला माफी आहे. दुसरा मात्र कोणी कुठली चित्रं काढावीत हे पाकिटावरून ठरवतो, आणि जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांतून ॲनिमेशन शिकायला निघालेल्या मुलांच्या वाट्याला तोच जास्त येतो. माझं म्हणणं असं की दोन्ही भागांचा पाया चुकीचा आहे. प्रतिमा तयार करायला किती मेमरी लागावी हे मुख्यतः त्या प्रतिमेच्या आकारावर ठरतं, तिच्यात दाखवलेलं जग केवढं आहे यावर फार थोडं. ज्या सीनमध्ये हे नातं उलटं झालेलं असतं तो सीन बसतो, आणि मेमरी दुप्पट केली तर पुढच्या आठवड्यात बसतो. जिम ब्लिन या संगणक-चित्रकाराच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: यंत्रं कितीही वेगवान झाली तरी एका फ्रेमला लागणारा वेळ तेवढाच राहतो, कारण मिळालेला वेग माणसं आणखी तपशिलात खर्चून टाकतात. मेमरीचंही तसंच होतं.

हे हवेत बोलण्यापेक्षा त्याच दोन तालुक्यांवर तपासू. जव्हार आणि मोखाडा मिळून क्षेत्रफळ साधारण हजारभर चौरस किलोमीटर. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट-१ उपग्रहाचं उंचीचं मॉडेल ३० मीटरच्या जाळीत मिळतं. त्या जाळीत दोन्ही तालुक्यांच्या सगळ्या दऱ्या-डोंगरांना मिळून सुमारे ११ लाख बिंदू लागतात, म्हणजे २२ लाख त्रिकोण. एका त्रिकोणाला शिरोबिंदू, नॉर्मल, टेक्स्चरचे निर्देशांक आणि किरण शोधायला लागणारी झाडासारखी रचना मिळून १०० बाइट धरू. हा अंदाज थोडा सढळ आहे, पण अवाजवी नाही. सगळा मुलूख २२० मेगाबाइटमध्ये मावला. आता तीच जमीन कोणी 'तपशील हवा' म्हणून एक मीटरच्या जाळीत सगळीकडे सारखीच घेतली, तर बिंदू १०० कोटी, त्रिकोण २०० कोटी, मेमरी २०० जीबी. मधला फरक नऊशे पटींचा आहे, आणि कॅमेरा जव्हारच्या पठाराच्या कडेवरून खोऱ्याकडे पाहत असेल तर त्यातला बहुतेक फरक प्रेक्षकाला दिसणारच नाही. समोरचा बांध सेंटीमीटरने हवा, दहा किलोमीटरवरचा डोंगर तीस मीटरने भागतो. सगळीकडे सारखीच बारीक जाळी ठेवणाऱ्याला मेमरी कमी पडलीच पाहिजे.

पावसाळ्यातलं खोरं घ्या. आवणी झालेली भातखाचरं, वरकस उतारांवर नागली आणि वरई, वर साग-ऐन-मोहाचं रान. २० बाय १५ सेंटीमीटर अंतराने लावणी धरली तर चौरस मीटरला ३३ चूड (रोपांचे झुपके) बसतात, हेक्टरला ३ लाख ३३ हजार. एका चुडाला ५,००० त्रिकोण दिले आणि प्रत्येक चूड खराखुरा सीनमध्ये ठेवला, तर एका हेक्टरचा खर्च १६५ जीबीच्या पुढे जातो. आता वीस वेगवेगळे चूड बनवा, एवढेच मेमरीत ठेवा, आणि बाकी सगळीकडे 'हाच चूड, इथे, इतका फिरवून, इतका मोठा' एवढीच नोंद ठेवा. वीस चुडांचे १० मेगाबाइट, नोंदींचे शंभर बाइटप्रमाणे ३३ मेगाबाइट. १६५ जीबीच्या जागी ४३ मेगाबाइट. याला इन्स्टन्सिंग म्हणतात, आणि ही काही कालची युक्ती नाही. इव्हान सदरलंडच्या स्केचपॅडमध्ये, १९६३ साली, एकच मूळ आकृती आणि तिची अनेक दर्शनं ही कल्पना पूर्णपणे तयार होती. त्या पिढीकडे मेमरी नव्हती, म्हणून त्यांनी विचार केला. आपल्याकडे आहे, म्हणून आपण कॉपी-पेस्ट करतो. आणि प्रोग्राममध्ये कॉपी करणं व इन्स्टन्स करणं या दोन आज्ञा बहुधा शेजारी-शेजारीच असतात.

गंमत अशी की इन्स्टन्सिंगवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. खोरं १०० हेक्टरचं झालं की नोंदीच ३ कोटी ३३ लाख होतात आणि त्यांचेच ३.३ जीबी. 'बघा, तुमची युक्तीही संपली' असं म्हणायला इथे जागा आहे. पण उत्तर पुन्हा त्याच विचारात आहे. एक गुंठाभर भाताचा तुकडा करा, त्यात ३,३०० नोंदी. असे दहा वेगळे तुकडे बनवा, आणि खोऱ्यात त्या तुकड्यांचेच जवळपास दहा हजार इन्स्टन्स मांडा. ३.३ जीबी पाच मेगाबाइटच्या आत येतात. डिस्नेने 'मोआना' चित्रपटातल्या बेटाचा संपूर्ण सीन २०१८ मध्ये संशोधकांसाठी खुला केला. त्यात १,५०० कोटींहून अधिक घटक दिसतात, पण एकमेकांहून खरोखर वेगळे असे त्रिकोण-चौकोन सुमारे ९ कोटीच आहेत; बाकीचं काम २ कोटी ८० लाख इन्स्टन्स करतात. जगातल्या श्रीमंत स्टुडिओंपैकी एक असा हिशोब करतो. तो न करण्याची चैन सोळा जीबीवाल्याने कुठून आणावी?

यावरचा आक्षेप कलेच्या बाजूने येतो, आणि तो फालतू नाही. सारखीच झाडं, सारखेच चूड म्हणजे छापील कापडासारखं दृश्य. निसर्गात दोन पानं एकसारखी नसतात, हाताच्या कामात तर मुळीच नसतात. खरं आहे. पण माणसाचा डोळा वेगळेपण कुठे शोधतो हेही पाहायला हवं. भाताच्या खाचरात तो एकेक पातं ताडून पाहत नाही; दाटपणा, रंगाचा चढउतार, वाऱ्याची लाट, बांधाशी विरळ झालेली कड पाहतो. या गोष्टी प्रत्येक इन्स्टन्सला दिलेल्या एका यादृच्छिक आकड्यावरून शेडरमध्येच बदलता येतात आणि त्यांची मेमरी जवळजवळ शून्य. चेहऱ्यांचं मात्र तसं नाही. उन्हाळ्यातल्या रात्री या भागात बोहाडा होतो. संबळ-सनईच्या तालावर गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह अशी सोंगं मुखवटे चढवून नाचत येतात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा प्रत्येक मुखवटा वेगळ्या हाताचा, त्याचे भोपळ्याएवढे डोळे आणि रंगाचे पापुद्रेही वेगळे. तिथे इन्स्टन्स करणारा चित्रकार आळशी ठरेल. म्हणूनच गवतावर वाचवायचं, ते मुखवट्यावर खर्चायचं. 'सगळं वेगळं हवं' म्हणणारा शेवटी सगळ्याच गोष्टींना सारखाच निकृष्ट दर्जा देतो, कारण मशीन बसल्यावर घाईघाईने काय कमी करायचं हे तो ठरवत नाही, वैताग ठरवतो. (वारली चित्रातलं माणूस दोन त्रिकोणांचं आणि संगणकाचंही सगळं जग त्रिकोणांचं, असा दाखला अशा चर्चेत हमखास निघतो. योगायोग गोड आहे. मेमरी त्याने वाचत नाही.)

मुखवट्याचा खर्चही आंधळेपणाने करायचा नसतो. चारही बाजूंनी फोटो काढून त्यांतून बनवलेला एक मुखवटा सहज दोन कोटी त्रिकोणांचा होतो. असे तीस मुखवटे म्हणजे ६० जीबी. त्याऐवजी मुखवट्याचं वीस हजार चौकोनांचं सुटसुटीत शरीर ठेवून बारीक उंचसखलपणा ४,०९६ पिक्सेलच्या सोळा-बिट डिस्प्लेसमेंट नकाशात साठवला, तर तो नकाशा ३२ मेगाबाइटचा. रेंडरच्या वेळी शरीराचे तुकडे करायचे ते पडद्यावर जेवढी जागा व्यापली असेल तेवढ्याच बारकाईने: पडद्यावर ४०० बाय ४०० पिक्सेल व्यापणाऱ्या मुखवट्याला तीनेक लाख त्रिकोण पुरे, म्हणजे ३० मेगाबाइट. जवळ आला की जास्त, मागच्या रांगेत गेला की नगण्य. उलट इथेच सर्वांत जास्त सीन मरतात, कारण विभाजनाची पातळी हाताने 'सहा' ठेवलेली असते. प्रत्येक पातळीला चौकोन चौपट होतात. सहाव्या पातळीला ४,०९६ पट. वीस हजारांचे आठ कोटी होतात, तेही कॅमेऱ्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सोंगाचे. पडद्यावरच्या आकारावरून तुकडे करायचे आणि काम झालं की टाकून द्यायचे, ही रीत रॉबर्ट कुक, लॉरेन कारपेंटर आणि एड कॅटमुल यांनी १९८७ मध्ये रेयेस या रचनेत मांडली. पिक्सारचे चित्रपट कित्येक वर्षं याच पायावर उभे राहिले.

टेक्स्चरच्या बाबतीत गैरसमज आणखी साधा आहे: फाइलचा आकार म्हणजेच मेमरीचा आकार. ८,१९२ पिक्सेलचं जेपेग डिस्कवर दहा-पंधरा मेगाबाइट असेल, पण मेमरीत उघडलं की पिक्सेलला चार बाइटप्रमाणे २५६ मेगाबाइट. अशी साठ टेक्स्चरं म्हणजे १५ जीबी, आणि सोळा जीबीचं मशीन एकही त्रिकोण न येता भरलं. कुडाच्या भिंतीचा सारवलेला पोत हवा म्हणून प्रत्येक झोपडीला स्वतंत्र आठ-के टेक्स्चर लावलेले सीन सर्रास दिसतात, आणि झोपडी पडद्यावर अंगठ्याएवढी असते. लान्स विल्यम्सने १९८३ मध्ये एकाच टेक्स्चरच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रतींची उतरंड मांडली, तिला मिपमॅप म्हणतात. तिचा जादा खर्च एक तृतीयांश. पिक्सारच्या डार्विन पीची याने १९९० मध्ये पुढचं पाऊल टाकलं: लागेल तोच तुकडा, लागेल त्याच पातळीवरचा, लागेल तेव्हाच डिस्कवरून आणायचा. चार-के प्रतिमेत ८३ लाख पिक्सेल असतात. तिला टेक्स्चरचे ठिपके लागतील ते याच्या काही पटीत, मग डिस्कवर शंभर जीबी टेक्स्चर का असेना. टीएक्ससारख्या तुकड्या-तुकड्यांच्या फाइली आणि ओपनइमेजआयओचा कॅशे हेच करतात आणि फुकट मिळतात. ज्या रेंडररमध्ये अशी सोय नाही तिथे टेक्स्चरची कमाल मर्यादा घालणारी एखादी सेटिंग तरी असतेच. ती शोधायला पाच मिनिटं लागतात.

बोहाड्यातल्या पलित्यांचा धूर आणि अखेरची फ्रेम यांबद्दल थोडक्यात. धुरासाठी १,००० बाय १,००० बाय १,००० ची भरीव जाळी घेतली तर चार जीबी जातात, आणि त्यातली बहुतेक जागा मोकळी हवा असते. ड्रीमवर्क्सने २०१२ मध्ये खुलं केलेलं ओपनव्हीडीबी मोकळी हवा साठवतच नाही. फ्रेमचं म्हणाल तर चार-के चा एक चार-चॅनेल फ्लोट पास १३३ मेगाबाइटचा. 'पुढे कंपोझिटिंगला लागतील' म्हणून वीस पास चालू ठेवले की २.६ जीबी गेले. त्यातले सोळा पास नंतर कोणी उघडूनही पाहत नाही.

बेरीज करू. पावसाळी खोरं: जमीन २२० मेगाबाइट, भात ५० च्या आत, आठ जातींच्या झाडांची प्रत्येकी तीन रूपं आणि प्रत्येक रूप चार लाख त्रिकोणांचं धरून रान सुमारे एक जीबी, टेक्स्चरचा कॅशे दोन जीबी, पास अडीच जीबी. सहा जीबीच्या आसपास. ऑपरेटिंग सिस्टीमला चार सोडले तरी सहा जीबी हातात उरतात, आणि ते लागतात, कारण किरण शोधायची रचना बांधताना काही काळ मेमरी जवळजवळ दुप्पट लागते. बोहाड्याची रात्र हा वेगळा सीन. तो वेगळ्या फाइलमध्येच असावा. चैत्रातल्या रात्रीच्या फाइलमध्ये आषाढातलं भात लपवून ठेवणं ही सवय इतकी पसरलेली आहे की ती क्रॅशच्या कारणांत धरावी लागते. लपवलेली वस्तू रेंडरमध्ये येत नाही, पण फाइल उघडताना मेमरीत येऊन बसतेच.

आता यंत्र नेमकं मरतं कसं ते समजून घेतलं, तर 'रॅम वाढव' हा सल्ला किती वरवरचा आहे ते कळतं. लिनक्समध्ये प्रोग्रामने मेमरी मागितली की बहुधा होकार मिळतो. प्रत्यक्ष पानं वापरायला घेतल्यावरच ती खरोखर दिली जातात. पंक्तीचं आमंत्रण सगळ्या गावाला आणि पानं निम्मीच, असा हा कारभार. सगळे एकदम बसले की यंत्रणा कोणाला तरी उठवते, आणि सर्वांत जास्त जागा अडवून बसलेला रेंडररच असतो. विंडोज आधीच नाही म्हणतं, किंवा पेजफाइलवर ढकलत राहतं. पीटर डेनिंगने १९६८ मध्ये दाखवून दिलं की प्रोग्राम ज्या पानांना थोड्या-थोड्या वेळाने हात लावतो तेवढी मेमरीत मावली नाहीत, तर यंत्र पानांची ने-आण करण्यातच बुडून जातं आणि काम जवळपास थांबतं. ग्राफिक्स कार्डावर गाठ आणखी घट्ट, कारण आठ जीबीच्या कार्डावर सगळा सीन चढवायचा असतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: नेहमीच्या मेमरीने नव्हे, एका क्षणीच्या कमाल मेमरीने यंत्र मरतं. तो क्षण कुठला हे ज्याला माहीत नाही, तो रॅम वाढवून फक्त तो क्षण पुढे ढकलतो.

व्यवहारी माणसाचा आक्षेप असा की कलाकाराचा वेळ महाग आणि रॅम स्वस्त. तासन्‌तास हिशोब करण्यापेक्षा दोन पट्ट्या विकत घ्याव्यात. रॅम स्वस्तच राहील हे गृहीत धरणाऱ्यांनी २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा पुरवठा ओढून घेतल्यावर काय झालं ते पाहिलं आहे. पण किंमत बाजूला ठेवू. ज्या तपासणीला 'तासन्‌तास' म्हटलं जातं ती प्रत्यक्षात फार लहान आहे, कारण भूमितीची बहुतेक मेमरी पहिला सॅम्पल सुरू होण्यापूर्वीच भरलेली असते. पूर्ण आकारात, पण पिक्सेलला एकच सॅम्पल ठेवून, दर पंचविसावी फ्रेम रेंडर करा; लॉगमध्ये कमाल मेमरी लिहिलेली येते. जी फ्रेम सर्वांत जास्त खाते तिच्यातल्या अर्ध्या वस्तू बंद करून पुन्हा पाहा, मग त्या अर्ध्यातल्या अर्ध्या. चार-पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो, आणि बहुतेक वेळा तो एखादा कोपऱ्यातला, कोणीतरी इंटरनेटवरून उतरवलेला, साठ लाख त्रिकोणांचा मातीचा माठ असतो. हे काम अर्ध्या तासाचं. रात्रभर चालून पहाटे बसलेल्या रेंडरचा वेळ मात्र कोणीच कलाकाराच्या खात्यात लिहीत नाही.

क्लाउडवर पाठवा, असंही म्हणतात. पाठवा की, पण काय पाठवणार? पंचेचाळीस जीबीचा सीन सेकंदाला दहा मेगाबिटच्या लाइनवरून चढवायला दहा तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. मोखाड्याच्या पाड्यांतला मोबाइल सिग्नल ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर हसू येईल. शिवाय तिथेही जास्त मेमरीच्या मशीनचं भाडं जास्त, म्हणजे बेहिशोबी सीनचा दंड आता तासाच्या दराने भरायचा. शिस्तीत बांधलेला सीन क्लाउडलाही लवकर पोचतो आणि स्वस्तात निघतो. ज्याला क्लाउड हवा आहे त्याने तर हा हिशोब आधी करावा.

सगळ्यांत वजनदार आक्षेप तंत्रातूनच येतो. रेयेसचे दिवस गेले. आता सगळे पाथ ट्रेसिंग करतात. एक किरण आपटून कुठेही जातो, पाठीमागच्या डोंगराकडेही, त्यामुळे 'न दिसणारं टाकून द्या' हे सूत्र लागू राहत नाही आणि सगळी भूमिती मेमरीत ठेवावीच लागते. हे मान्य करावंच लागेल, अर्ध्यापर्यंत. मॅट फार आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवलं की किरणांना आले त्या क्रमाने न सोडता, जगाच्या कुठल्या भागात जायचंय त्यानुसार गटांत थांबवून धरलं, तर मेमरीत न मावणारा सीनही ट्रेस होतो. डिस्नेच्या हायपेरियनने किरणांची वर्गवारी हाच पाया धरला, आणि 'बिग हिरो ६' मधलं ८३,००० इमारती व २,६०,००० झाडांचं शहर २०१४ मध्ये त्यावर उभं राहिलं. दुसरं असं की आपटून गेलेल्या किरणाला तपशील कमी लागतो. डोंगराच्या पाठीमागचं रान परावर्तित उजेडाचा रंग देतं, पानाची शीर देत नाही. तिथे ढोबळ प्रॉक्सी ठेवली तर प्रतिमेत फरक ओळखू येत नाही. आणि नव्या इंजिनांत हे सगळं आपोआप होतं म्हणणाऱ्यांनी अनरियल ५ चं नॅनाइट नेमकं काय करतं ते पाहावं: पडद्यावरच्या पिक्सेलच्या मापाने त्रिकोण निवडतं आणि लागतील तेवढेच आत आणतं. १९८७ चाच विचार, नव्या यंत्रावर. तो यंत्राने केला म्हणून कोणाला करावा लागला नाही असं होत नाही.

मेमरी खरोखरच हवी अशी कामं आहेत. मुखवट्याचे शेकडो फोटो जोडून त्यातून पहिलं मॉडेल काढताना, पाण्याचं किंवा धुराचं सिम्युलेशन चालवताना, कोट्यवधी बिंदूंचा ड्रोन-सर्व्हे साफ करताना सगळा डेटा एकमेकांशी बोलत असतो. तिथे पडद्याचं माप उपयोगाला येत नाही आणि चौसष्ट जीबीला पर्याय फार थोडे आहेत. पण ही कामं एकदाच करायची असतात, एका मशीनवर, तासाभराच्या किंवा दिवसभराच्या उसनवारीवर. एखाद्या महाविद्यालयाने किंवा प्रशिक्षण केंद्राने असं एक मोठं मशीन या कामांसाठी ठेवावं आणि उरलेल्या पैशात प्रत्येकाला सोळा जीबीचं साधं मशीन द्यावं. मुलांनी रेंडर त्याच्यावर लावावा, आणि सीन जमा करताना फाइलसोबत कमाल मेमरीचा आकडाही लिहून द्यावा.